सगळे सारखेच जेवले!

आमच्या हॉस्टेलवर मेस सेक्रेटरी निवडला जात नाही, तो सापडतो. मीटिंगला जो सगळ्यात उशिरा येतो आणि 'काय चाललंय रे?' असं विचारतो, त्याच्या गळ्यात माळ पडते. २०२४ च्या जुलैमध्ये, एसई आयटीला असताना, मी असाच उशिरा पोचलो. वह्या, किल्ल्या आणि शिव्या खाण्याचा हक्क, तिन्ही गोष्टी मला एकदम मिळाल्या.

ज्यांनी कधी हॉस्टेलच्या मेसचा हिशोब पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमची मेस वाटणीवर चालते. महिन्याचा एकूण खर्च भागिले महिन्याची एकूण ताटं, हा झाला ताटाचा दर. ज्याची जितकी ताटं तितकं त्याचं बिल. गावाला जायचं असेल तर आदल्या रात्री सांगायचं, मग खाडा लागतो. न सांगता दांडी मारली तर जेवा किंवा न जेवा, ताट लागणार. रविवारी रात्री मेस बंद (त्या रात्री वडापाव).

हा सगळा हिशोब नाना ठेवायचे. किराणा आणणं, भाजी आणणं, महाराजांना सामान काढून देणं आणि वही लिहिणं ही नानांची कामं. महिन्याच्या शेवटच्या रात्री जेवणं आटोपली की नाना एका टेबलावर लांबट वही उघडून पट्टी-पेन्सिलीने पुढच्या महिन्याचं पान आखायला बसत. डावीकडे मेंबरांची नावं, वर तारखा, आणि प्रत्येक तारखेच्या खाली दोन बारकी घरं, एक सकाळचं, एक रात्रीचं. अर्धा तास तरी जायचा. मी चहा पीत ते बघत बसायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, नाना, तुम्ही थ्री-डी अ‍ॅरे आखताय! मेंबर, तारीख, वेळ. तीन आकडे सांगा, घर सापडलंच पाहिजे.

त्या वर्षी आम्हाला पायथॉन नुकतं सुरू झालं होतं. नव्याने पोहायला शिकलेला माणूस जसा प्रत्येक विहिरीकडे आशेने बघतो तसं माझं झालं होतं. वही कॉम्प्युटरवर आणायची असं ठरवलं. नाना 'बरं' म्हणाले. त्यांच्या 'बरं'मधून काहीच कळत नाही.

ऑगस्टचे ३१ दिवस, मेंबर ४८, वेळा दोन. गुणाकार केला तर २९७६ घरं. सी असतं तर एका ओळीत काम झालं असतं. नाव लिहायचं, पुढे तीन चौकटी कंसांत ४८, ३१ आणि २. मेमरीत सलग २९७६ इंट मिळतात, म्हणजे चार बाइटच्या इंटने ११,९०४ बाइट. पायथॉनमध्ये अशी सोय नाही. तिथे लिस्ट मिळते, आणि लिस्टच्या पोटात लिस्ट, तिच्या पोटात आणखी लिस्ट असं आपणच रचायचं. मी आधी एकाच मेंबरचं पान तयार केलं. लूप लावून ३१ ओळी आणि प्रत्येक ओळीत दोन शून्यं. त्यात स्वतःच्या जुलैच्या नोंदी टाकून पाहिल्या. बेरीज नानांच्या वहीशी तंतोतंत जुळली. मग पुढची ओळ लिहिली:

नोंद = [पान] * ४८

(जाता जाता: पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, आकडे मात्र चालत नाहीत. वरची ओळ छापील पानासाठी आहे, तशीच टाइप केलीत तर सिंटॅक्स एरर येईल आणि मला शिव्या बसतील.)

काय सुंदर ओळ आहे! एक पान गुणिले अठ्ठेचाळीस. नानांना अर्धा तास लागतो ते काम एका स्टारमध्ये. मी रूममेटला हाक मारून दाखवलंसुद्धा. तो मेकॅनिकलचा. त्याने 'भारी' म्हणून कूस बदलली.

ऑगस्ट संपता संपता दोन रात्री बसून वही भरली. एकेक तारीख, एकेक वेळ घ्यायची आणि एक नंबरपासून अठ्ठेचाळीस नंबरपर्यंत जेवला तर १, नाही तर ० दाबत जायचं. एकदा मध्येच लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. पण प्रत्येक वेळेनंतर फाइल सेव्ह होत होती, त्यामुळे लाइट आल्यावर पुढे चालू केलं. एकूण ताटांचा आकडा आला १४८८.

ऑगस्टचा खर्च होता ८४ हजार. भागाकार केला तर ताटाचा दर ५६ रुपये ४५ पैसे! आदल्या महिन्याचा दर ३५ च्या आसपास होता.

इथे खरं तर मी थांबायला हवं होतं. मी नाही थांबलो. उलट माझी छाती फुगली. मला वाटलं, आपण काहीतरी पकडलं.

१ सप्टेंबरला रविवार होता. रात्री मेस बंद, म्हणून तिथेच मीटिंग. रेक्टर सर, कमिटीची पोरं, मागे उभे असलेले वीसेक मेंबर, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नाना. मी लॅपटॉप उघडून म्हणालो, "८४ हजारांत ३५ च्या दराने साधारण २४०० ताटं व्हायला पाहिजेत. झाली १४८८. मग नऊशे ताटांचा माल गेला कुठे?"

मी कोणाचं नाव घेतलं नाही. पण किराणा कोण आणतं हे सगळ्यांना माहीत होतं. मागून कोणीतरी शिट्टी वाजवली.

नाना म्हणाले, "वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज आहे, बघा."

आणि मी म्हणालो, "नाना, वही माणूस लिहितो. कॉम्प्युटर चुकत नाही."

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहितोय, कारण ते ऐकलेले वीस-बावीस जण हे मासिकही वाचणार आहेत. सरांनी 'उद्या बघू' म्हणून मीटिंग संपवली. वही कोणीच उघडली नाही. मीटिंग सुटताना अठ्ठेचाळीस नंबर माझ्याजवळ आला. हा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. १५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या दिवशी दुपारी बॅग घेऊन पोचला आणि मेसच्या जिलेबीने त्याचं हॉस्टेल सुरू झालं. यादीत शेवटचा, म्हणून त्याचं नावच अठ्ठेचाळीस नंबर पडलं. तो भीत भीत म्हणाला, "भाऊ, मी मोजलंय, माझी ३२ होतात. तुमच्या स्क्रीनवर ३१ दिसली." मी म्हटलं, एक ताट कमी लागलंय तर तक्रार काय करतोस? सगळे हसले.

त्या रात्री एकेकाची बिलं छापायला घेतली. रूममेट शेजारी बसून नावं वाचत होता.

"माझी किती?"

"एकतीस."

"बरोबर असेल. राखीला घरी होतो ना आठवडाभर. तुझी?"

"एकतीस."

"तू तर कुठे गेलाच नाहीस."

मी खाली स्क्रोल केलं. एकतीस. एकतीस. एकतीस. अठ्ठेचाळीस ओळी, सगळीकडे एकतीस. रूममेट काही क्षण बघत राहिला आणि म्हणाला, "आयला, सगळे सारखेच जेवले!"

पोटात खड्डा पडतो म्हणतात तो मला त्या क्षणी कळला. मार्क जाण्याचा खड्डा वेगळा असतो. हा तसला नव्हता.

आता काय झालं होतं ते सांगतो, कारण हे तुमच्यापैकी कोणाचंही होऊ शकतं. पायथॉनमध्ये लिस्टच्या घरात वस्तू नसते, वस्तूचा पत्ता असतो. रेफरन्स म्हणतात तो. [पान] * ४८ लिहिलं की ४८ पानं तयार होत नाहीत. पान एकच राहतं, त्याचा पत्ता ४८ वेळा लिहिला जातो. म्हणजे ४८ मेंबरांना ४८ खोल्या द्यायच्या होत्या, आणि मी एकाच खोलीच्या ४८ चाव्या वाटल्या. पहिल्याने आत जाऊन पंखा लावला, दुसऱ्याने बंद केला, शेवटी अठ्ठेचाळीस नंबर जे करून बाहेर पडला ते राहिलं. प्रत्येक घरात त्याचीच नोंद उरली. तो १५ तारखेला आलेला. १५ ते ३१ म्हणजे १७ दिवस, ३४ वेळा, त्यातून १८ आणि २५ या दोन रविवारच्या रात्री वजा, राहिली ३२. एवढा उशिरा आलेला एकच मेंबर, आणि सगळं हॉस्टेल त्याच्या मापाने जेवलं!

मग आधी एका ओळीत शून्य गुणिले ३१ केलं की ते का चालतं? कारण शून्य हा आकडा बदलत नाही. घरात १ टाकलं की त्या घरातला पत्ता बदलतो, शेजारचं घर तसंच राहतं. लिस्टचं तसं नाही. लिस्टच्या आत हात घालून बदलता येतं, आणि मग ती लिस्ट ज्याच्या ज्याच्या घरात आहे त्या सगळ्यांना तो बदल दिसतो. म्हणूनच हा सापळा एका मितीत चावत नाही. दुसरी मिती आली की चावतो. पायथॉनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत हा प्रश्न वेगळा दिलेला आहे, मल्टिडायमेन्शनल लिस्ट कशी करायची म्हणून. म्हणजे माझ्याआधी बऱ्याच जणांची हॉस्टेलं सारखीच जेवली असणार. जावास्क्रिप्टमध्ये फिल वापरून रिकामी अ‍ॅरे भरली तरी हेच होतं.

पहिला उपाय केला तोही फसला. प्रत्येक मेंबरसाठी पानाची कॉपी काढली. चालवलं. पुन्हा ४८ वेळा एकतीस! रात्रीचा दीड वाजलेला. कॉपी काढल्यावर पानं खरोखर ४८ झाली होती, आयडी छापून पाहिले, सगळे वेगळे. पण प्रत्येक पानावरच्या ३१ ओळी? त्या जुन्याच. शॅलो कॉपी फक्त वरचा थर नवीन करते, आतले पत्ते तेच ठेवते. ४८ नव्या वह्यांना नवीन पुठ्ठे घातले आणि आत कागद एकच शिवला, असा प्रकार. तिसरी मिती अशी चावली. शेवटी डीपकॉपी न वापरता, लूपच्या आत लूप आणि त्याच्या आत नवी ओळ, असं प्रत्येक मेंबरसाठी सगळं नव्याने तयार केलं. नानांच्या पट्टी-पेन्सिलीसारखंच म्हणा ना.

फाइलमधल्या नोंदी पुन्हा भरल्या. एकूण आली २३५५. दर ३५ रुपये ६७ पैसे. नऊशे ताटं सापडली. ती कुठे गेलीच नव्हती.

सकाळी सहाला मेसवर गेलो. चहा महाराजांनी दिला. नानांनी रात्रीच किल्ल्या आणि वही रेक्टर सरांकडे देऊन ठेवली होती आणि गावाला निघून गेले होते. "पोळा आहे, म्हणून गेले असतील," महाराज म्हणाले, माझ्याकडे न बघता.

२ सप्टेंबरला पोळाच होता, हे खरं. पण १९ वर्षांत नाना पोळ्याला किल्ल्या ठेवून कधी गेले नव्हते. त्या दिवशी दुपारीच परत यायचे.

रूममेटची बाइक घेऊन गेलो. बारा किलोमीटर. वाटेत दोन वेळा परत फिरावंसं वाटलं. घरासमोर दोन बैल न्हाऊन-धुऊन उभे, शिंगांना रंग लावायचं काम चाललेलं, आणि नाना हातात डबा धरून खाली बसलेले. मला बघून म्हणाले, "ये. बस."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. नाना, माझी चूक झाली. ताटं बरोबर आहेत. प्रोग्रॅम चुकला, तुम्ही नाही. बोलायला नको होतं तसं बोललो. रस्त्यात बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

नानांनी शिंगाची बाजू पूर्ण केली. मग विचारलं, "आता किती आली?"

"२३५५."

"२३९४ पाहिजेत. एकोणचाळीस कमी."

मी गप्प. म्हणजे अजूनही चूक!

नाना वरच्या आढ्याकडे बघत काहीतरी मनात जुळवत होते. "शुक्रवारी रात्री एकोणचाळीस होते. तेवीस तारीख. ती रात्र बघ तुझ्या मशीनमध्ये."

मी लॅपटॉप सोबत नेला होता (लाज नाही म्हणतात ती हीच). उघडला. २३ तारीख, रात्र. एक नंबरपासून अठ्ठेचाळीसपर्यंत शून्य. लाइट गेली होती ती या जागी. मी २३ ची सकाळ भरून थांबलो होतो आणि पुन्हा सुरू करताना २४ पासून सुरू केलं.

नाना स्क्रीनकडे वाकून बघत म्हणाले, "म्हणजे सगळं हॉस्टेल उपाशी झोपलं त्या रात्री?"

"नाही नाना, ते भरायचंच राहिलं."

"मग तिथे शून्य कुणी लिहिलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते द्यायला तोंड उघडेना. शून्य मीच लिहिलं होतं. अ‍ॅरे 'रिकामी' करताना. मला वाटत होतं मी कोरं पान तयार करतोय, आणि प्रत्यक्षात मी २९७६ घरांत आधीच 'जेवला नाही' असं लिहून ठेवलं होतं. मग ज्या घराला हात लागला नाही ते घरसुद्धा बोलत होतं, आणि खोटं बोलत होतं. अठ्ठेचाळीस नंबरचं ते एक कमी लागलेलं ताट हेच होतं. तो बिचारा बरोबर सांगत होता.

नानांच्या वहीत असं होत नाही. तिथे जेवला त्याची उभी रेघ, खाडा त्याची आडवी रेघ, रविवारच्या रात्रीची फुली. आणि ज्याचं विचारायचं राहिलं त्याचं घर कोरं. महिना संपताना नाना फक्त कोरी घरं शोधतात आणि त्या त्या पोराला जिन्यात गाठून विचारतात. चार गोष्टींना चार खुणा. माझ्याकडे चारही गोष्टींना मिळून एक आणि शून्य.

नंतर मी हे इतर भाषांत कसं आहे ते बसून पाहिलं. सीमध्ये फंक्शनच्या आत अ‍ॅरे नुसती डिक्लेअर केली तर तिच्यात आधीचा कचरा असतो, ग्लोबल असेल तर शून्यं असतात. मॅलॉकने घेतली तर कचरा, कॅलॉकने घेतली तर शून्यं. जावामध्ये तिन्ही आकडे दिले तर शून्यं भरून मिळतात, फक्त पहिला दिला तर ४८ नल मिळतात आणि आतलं तुम्हीच रचायचं. नमपायमध्ये तर एम्टी नावाचंच फंक्शन आहे, आणि ते रिकामं काही देत नाही! मेमरीत जे पडलेलं असेल ते तसंच तुमच्या हातात. बऱ्याचदा योगायोगाने शून्यं दिसतात, म्हणून आपण फसतो. मॅटलॅबच्या प्रॅक्टिकलला झीरोजच्या कंसात नुसतं ४८ लिहा, ४८ घरांऐवजी ४८ गुणिले ४८ घरं मिळतील. सगळ्यांकडे रिकाम्या पानाची आपापली समजूत आहे. वायवाला विचारलं तर एवढं तरी सांगता यावं.

आता माझ्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला प्रत्येक घरात 'नन' असतं. पायथॉनमध्ये त्याचा अर्थ काहीच नाही, शून्यसुद्धा नाही. एक जरी घर भरायचं राहिलं आणि बेरीज मागितली, तर प्रोग्रॅम टाइप एरर देऊन थांबतो. आधी मला असा थांबणारा प्रोग्रॅम म्हणजे बिघडलेला वाटायचा.

त्या दिवशी नानांनी पुरणपोळी खायला बसवलं. मी निघताना 'परत येणार ना?' असं विचारलं. ते म्हणाले, "बघू." बुधवारी आले. त्याआधी मंगळवारी मी नोटीस बोर्डावर कागद लावला होता. दर ३५ रुपये ०९ पैसे, एकूण ताटं २३९४, चूक सेक्रेटरीच्या प्रोग्रॅमची, वही पहिल्यापासून बरोबर. खाली सही. रात्री जेवणाच्या वेळी उभं राहून तेच मोठ्याने वाचलं. मेसमध्ये ताटांचा आवाज असतो, किती जणांनी ऐकलं कोण जाणे. नाना दाराशी होते, त्यांनी ऐकलं की नाही हेही मला कळलं नाही. पण 'नऊशे ताटं' हा शब्द हॉस्टेलमध्ये राहिला. कुठे काही हरवलं की अजून कोणी ना कोणी म्हणतं, नानांना विचारा, नऊशे ताटं कुठे गेली. गंमत म्हणूनच म्हणतात. नाना हसत नाहीत. मला ऐकू आलं तर मी ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागतो आणि पोरं कंटाळून उठून जातात.

सप्टेंबरच्या शेवटच्या रात्री नाना नेहमीसारखे वही घेऊन बसले. मी समोर चहा घेऊन. त्यांनी पट्टी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "ऑक्टोबर एकतीसचा. तू आख." मला पाऊण तास लागला आणि विसाव्या तारखेनंतर रेघा तिरक्या गेल्या. नानांनी खोडरबर काढलं, शेवटचे अकरा रकाने पुसले आणि पट्टी पुन्हा माझ्याकडे दिली.